दोन की तीन

पुंता आरेनासला वारा विचारून येत नाही.
नगरपालिकेने चौकाचौकांत दोर बांधलेत,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र काचा दुहेरी:
ध्वनिमुद्रणात वारा शिरलेला चाचणीला चालत नाही.

क्रमांक शून्य तीन एक समोर बसतो.
खेकडे धरणारा. हातांना डिझेलचा वास,
टोपी गुडघ्यावर पालथी,
जणू तिच्याखाली काही झाकून ठेवलंय.
त्याची गोळी औषधाची की नुसत्या पिठाची
त्याला माहीत नाही, मलाही नाही.
ते एका पाकिटात आहे, पाकीट सान्तियागोत, कुलपात.
मी फक्त विचारायचं.
आवाज सपाट. मान डोलवायची नाही.
रुमाल पुढे करायचा नाही,
तो टेबलावर आधीपासून असायला हवा.

झोप? एक.
भूक? कोकराचं मटण लाकडासारखं लागतं, म्हणाला.
दोन.
तुम्ही स्वतःला दोष देता का?

अकरा सेकंद. नंतर मोजले मी.
त्यांत किटलीचं झाकण वाजतं
आणि दुहेरी काचेतूनही आलेला थोडा वारा.
मग तो म्हणतो, दोर माझ्या हातात होता,
आणि भावाचं नाव घेतो.
एकदाच.
होडीवरून अंधारात हाक मारावी तसं,
ओ येईल या हिशेबाने.

नियम असा, की नावं पुसायची.
संध्याकाळी मीच बसले, दोन रेघांमध्ये ते नाव पकडलं,
अर्ध्या सेकंदाहून जरासं लांब,
आणि त्या जागी भरलं
टीऽऽप.

गुरुवारी तेच मुद्रण डॉक्टर बाहामोंदेंनी ऐकलं.
दोघांचे आकडे जुळायला हवेत,
नाही जुळले तर खोट मोजपट्टीत.
त्यांनी दिले दोन: झालेल्या चुका मनात घोळत राहतात.
मी दिले तीन: हा आजार म्हणजे आपल्याला झालेली शिक्षा, असं वाटतं.
"शिक्षा कुठे म्हणतो तो? दाखव मला, येर्का."
मी मागे नेलं. पुन्हा नेलं.
दोर. टीऽऽप. श्वास.
"मी चिलोएचा," ते म्हणाले, चष्मा पुसत.
"आमच्याकडे घराआड घर एक दोर सुटलेला माणूस आहे.
तो जेवतो, जाळी विणतो, नाताळात नाचतो.
हा शोक आहे. शोकाला या कागदावर रकाना नाही."

काय दाखवणार होते मी?
शिक्षा जिथे होती
तिथे मीच तो आवाज भरला होता.

सरासरी चालत नाही. अडीच छापलेलाच नाही.
दोन लिहिले. खाली दोघांच्या सह्या.

सहाव्या आठवड्यात तो आला तेव्हा दाढी केलेली होती.
दोष, एक. झोप, शून्य.
मटणाचं विचारलं तर हसला.
गोळीने, पिठाने,
की रात्र अकरापर्यंत उजळ राहू लागली म्हणून,
पाकिटाला ठाऊक.
उठता उठता म्हणाला,
आताशा जेवताना आम्ही त्याचं नाव घेतो. आई पण घेते.
हे मी शेऱ्यात लिहिलं.
शेरे कोणी मोजत नाही.

मला ते नाव पाठ आहे.
इथे लिहिता येत नाही, संमतीपत्रावर माझीही सही आहे.
तेव्हा वर जिथे "भावाचं नाव" असं वाचलंत
तिथेही टीपच आहे,
नुसती ऐकू येत नाही.

काल घरी जाताना कोपऱ्यावर वाऱ्याने ढकललं,
मी दोर धरला.
लोकरीच्या हातमोज्यातूनही कळतं
ओला दोर कसा सरकतो.

तीन, म्हणाले मी.
चांगलं मोठ्याने.
त्या वाऱ्यात ऐकतंय कोण.